उन्हाळ्यातला अख्खा दिवस बाहेर काढायचाय? आधी सावली पाहा

उन्हाळा लागला की ‘या सुट्टीत करायच्या पन्नास गोष्टी’ छापाच्या याद्या फिरू लागतात. त्या बाजूला ठेवा. पन्नासातल्या चार होतात आणि त्याही घाईत उरकल्या जातात. त्यापेक्षा आवडीची एक जागा, आवडीची चार-सहा माणसं आणि मोजक्या वस्तू घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा एक दिवस नीट आखा. उन्हाळ्यात असे तीन दिवस पुष्कळ झाले.

माणसं जमवणं

‘एकदा भेटू या’ म्हणू नका. दोन तारखा सुचवा, उत्तर कधीपर्यंत हवं ते सांगा, आणि ज्या तारखेला जास्त लोक येतील ती पक्की करा. सगळ्यांना जमेल अशी तारीख शोधत बसलात तर ऋतू संपतो. बेत आखायचा तो सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला झेपेल असा: गाडीपासून थोडंच चालणं, जवळ स्वच्छतागृह, आणि खाली बसता न येणाऱ्यांसाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची.

जागा निवडणं

बहुतेक बेत इथेच फसतात. ‘झाडाखाली छान सावली बघून बसा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. सकाळी दहाला पाहिलेली सावली दुपारी तीनला त्या जागी नसते. मग दिवसभर चटया ओढत फिरावं लागतं, लहान मुलं कुरकुरतात आणि चार वाजताच लोक सामान आवरू लागतात.

सूर्य तासाला साधारण १५ अंश सरकतो. सकाळी सावली झाडाच्या पश्चिमेला असते, दुपारनंतर पूर्वेला. उष्ण कटिबंधात भर उन्हाळ्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हा सावली नेमकी फांद्यांच्या खाली पडते. कटिबंधाबाहेर, उत्तर गोलार्धात माध्यान्हीची सावली उत्तरेला पडते, दक्षिण गोलार्धात दक्षिणेला. दिवसभर बसायचं असेल तर बैठक झाडाच्या पूर्व बाजूला मांडा. सकाळी थोडं ऊन सोसावं लागेल, पण ते कोवळं असतं. हवा सर्वांत तापते ती दुपारी दोन ते चारच्या सुमाराला, आणि सावली हवी ती त्याच वेळी.

आता झाडाची उंची. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना १० मीटर उंचीवरच्या फांदीची सावली बुंध्यापासून १० मीटर लांब पडते, आणि पुढच्या वीस मिनिटांत ती आणखी दोन मीटरच्या आसपास सरकते. तीन मीटर उंचीवरच्या फांदीची सावली तेवढ्याच वेळात जेमतेम अर्ध्या मीटरहून थोडी अधिक हलते. म्हणून उंच, सरळसोट, शेंड्यालाच पानं असलेलं झाड कितीही देखणं असलं तरी बसायला निरुपयोगी. खालपासून पसरलेलं, घेरदार झाड घ्या. एकट्या झाडापेक्षा पश्चिमेला आणखी दोन-तीन झाडांची रांग असलेली जागा चांगली, कारण एकाची सावली सरकते तेव्हा मागच्याची पुढे येते.

जागा ठरवण्यापूर्वी एकदा दुपारी तीनलाच तिथे जाऊन या. सकाळी जाऊन काही कळत नाही. सावलीच्या कडेवर एक काडी रोवा, वीस मिनिटं थांबा, कड कुठे गेली ते पाहा. अंदाजासाठी मूठही चालते: हात सरळ ताणून धरलेली मूठ सुमारे १० अंश झाकते, म्हणजे सूर्याची साधारण चाळीस मिनिटांची चाल. सूर्याकडे थेट पाहू नका, त्याच्या बाजूला मूठ धरा. समोरच्या टेकडीच्या किंवा इमारतीच्या आड सूर्य कधी जाईल तेही यातून कळतं.

पत्र्याची शेड म्हणजे सावली असं मानू नका. तापलेला पत्रा खाली उष्णता फेकत राहतो, तर झाडाची पानं पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतात. दगडी ओटा आणि फरशीही टाळा, ऊन उतरल्यावरही त्या बराच वेळ गरम राहतात. माती किंवा गवत बरं. झाड नसेल तर फिक्या रंगाची ताडपत्री बांधा, पश्चिमेची कड खाली आणि पूर्वेची वर. एकावर एक दोन ताडपत्र्या, मध्ये वीतभर मोकळी हवा ठेवून बांधल्या तर खालची फारशी तापत नाही. एकाच ताडपत्रीखाली बसण्यात आणि यात मोठा फरक पडतो, तेव्हा दुसरीचं ओझं खुशाल वाहा.

जागा पाण्याकाठी असेल तर वारा पाण्यावरून अंगावर येईल तो काठ निवडा. समुद्रकिनारी दुपारी वारा बहुधा समुद्राकडूनच येतो. तिथे एक सावधगिरी हवी: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते, आणि मोकळ्या आकाशातूनही ते येत असतात. छत्रीखाली बसूनही त्वचा भाजते ती यामुळेच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर पूर्ण बाह्या आणि रुंद काठाची टोपी हवीच. उघड्या त्वचेला किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा.

पाणी आणि बर्फ

बर्फाचे तुकडे नकोत, लादी घ्या. तेवढ्याच वजनाच्या तुकड्यांपेक्षा लादीचा पृष्ठभाग कमी, म्हणून ती उशिरा वितळते. सर्वांत सोपं म्हणजे पाण्याच्या बाटल्याच आदल्या रात्री गोठवणं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा प्रत्येक बाटली चार बोटं रिकामी ठेवा, नाहीतर ती फुटते. आइसबॉक्सही आदल्या रात्री थंड करून ठेवा, कारण गरम बॉक्स पहिला तासभर बर्फच खातो. पिण्याचा बॉक्स वेगळा, खाण्याचा वेगळा. पिण्याचा सतत उघडला जातो. नाशवंत पदार्थ बाहेर काढल्यावर दोन तासांत संपवा, हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एका तासात. उरलेलं परत बॉक्समध्ये ठेवून संध्याकाळी खाऊ नका.

वस्तू

एक पुस्तक, एक खेळ, एक चेंडू. फोन सावलीत, पण बंद गाडीत नाही.

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायची झोळी, नेणार असाल तर झाडं साधारण चार ते साडेचार मीटर अंतरावरची पाहा आणि दोर न वापरता दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्टे वापरा, म्हणजे साल कापली जात नाही. ताणून सपाट बांधण्याचा मोह आवरा. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंश करत असेल तर ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक टोकावर ७० किलो भार येतो. १० अंशांवर तोच भार २०० किलोपर्यंत जातो. झाडं मोडतात आणि पाठी दुखावतात त्या यातूनच. माणूस बसल्यावर जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंची राहावी, त्याहून जास्त नको.

दिवसाचे तास

पोहणं, चालणं, खेळ सकाळी अकराच्या आत किंवा चारनंतर. मधला वेळ आडवं होण्याचा, गप्पांचा आणि पत्त्यांचा. या वेळात मुलांना रिझवण्यासाठी काहीतरी धावपळीचं ‘करायलाच हवं’ असं अजिबात नाही.

तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी पीत राहा. खूप घाम गेला असेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपायच होतो.

कुणाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे असं काही झालं तर खेळ तिथेच थांबवा. सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, पाणी पाजा. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली किंवा अंग चटका बसावा इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. आधी रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला. अशा वेळी तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

परतताना

गाडीचे सगळे दरवाजे पाच मिनिटं उघडे ठेवा आणि मगच माणसं बसवा. लहान मुलाचा पट्टा लावण्याआधी त्याच्या धातूच्या कडीला स्वतःचा हात लावून पाहा.