कमांडचं आउटपुट फाइलमध्ये ठेवायची सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्या

लिनक्स सपोर्टला नवीन लागलो तेव्हा कमांड चालवायची, स्क्रीनवर काय आलं ते बघायचं आणि पुढे जायचं एवढंच चालायचं, मग कोणी विचारलं की काल नेमकी काय एरर आली होती तर दाखवायला हातात काहीच नाही, कारण टर्मिनल बंद केलं की सगळं गेलं.

मग > शिकलो. कमांडपुढे > आणि फाइलचं नाव दिलं की आउटपुट स्क्रीनऐवजी फाइलमध्ये जातं. पण एकच > दिला तर शेल (आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ती फाइल आधी रिकामी करतं आणि मग कमांड चालवतं, जुन्याच्या खाली जोडायचं असेल तर >> पाहिजे. मी रोज सकाळी डीएफचं (डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) आउटपुट एका फाइलला जोडत होतो, शनिवारी घाईत एकच चिन्ह पडलं आणि फाइलमध्ये फक्त शनिवार उरला, आठवड्याचा हिशेब गेला. बॅशमध्ये (लिनक्सवरचं नेहमीचं शेल) सेट -ओ नोक्लॉबर करून ठेवा, असलेल्या फाइलवर > चालणारच नाही, मुद्दाम पुसायची असेल तेव्हा >| वापरायचं.

यापेक्षा मोठा घोळ एररचा. रात्री टारने (फाइली एकत्र बांधून ठेवणारी कमांड) बॅकअप लावला, आउटपुट फाइलमध्ये, सकाळी बघितलं तर फाइल एकदम स्वच्छ, आणि बॅकअपमध्ये एक अख्खा फोल्डर नाही! परमिशनच्या एरर फाइलमध्ये आल्याच नव्हत्या, त्या स्क्रीनवर येऊन गेल्या. कारण कमांडचं साधं आउटपुट एक नंबरच्या वाटेने बाहेर पडतं आणि एरर दोन नंबरच्या वाटेने, > फक्त एक नंबरची वाट वळवतो. ही वेगळी वाट मुळात काढली बेल लॅब्जमध्ये, १९७० च्या दशकात, तिथे टाइपसेटिंग मशीनमधून मजकुराऐवजी सुंदर छापलेली 'फाइल उघडता येत नाही' अशी ओळ बाहेर यायची म्हणून.

दोन्ही एकाच फाइलमध्ये हवं तर आधी > आणि फाइलचं नाव, त्यानंतर 2>&1, म्हणजे एक नंबर जिथे जातो तिथेच दोन नंबरही पाठव. हा क्रम उलटा केलात तर एरर स्क्रीनवरच राहतात, कारण शेल डावीकडून उजवीकडे वाचतं.

आणि स्क्रीनवरही दिसायला हवं, फाइलमध्येही हवं, तर 2>&1 नंतर पाइप (| हे चिन्ह, एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं) देऊन टी (tee) कमांड. प्लंबर नळाला जो टी लावतो ना, तेच नाव, तेच काम. जोडायचं असेल तर टीला -ए द्या, नाहीतर तीही जुनं पुसते.

फाइल सिनियरला पाठवायच्या आधी एकदा स्वतः वरपासून खालपर्यंत वाचा, आउटपुटमध्ये कधीकधी पासवर्डही येऊन बसलेला असतो.