भाचीचं इंग्रजी वाक्य कसं सुटलं

भाची विश्रामबागहून मिरजेला कॉलेजला जाते. व्याकरण तोंडपाठ, पण बोलताना वाक्य अडायचं. नीट ऐकलं तर 'आय विथ ही टू मिरज गो'. शब्द इंग्रजी, क्रम मराठीचा! आपलं क्रियापद शेवटी येतं ना.

मग एकच सवय लावली. कर्ता म्हटला की लगेच क्रियापद: 'आय गो'. इथंच वाक्य उभं राहतं. बाकीचं रेल्वेच्या डब्यांसारखं मागून जोडायचं: 'टू मिरज', 'विथ हिम', 'इन द मॉर्निंग'. आपण 'मिरजेला', 'त्याच्याबरोबर' म्हणतो, म्हणजे जोड नामाच्या नंतर. इंग्रजीत ती आधी.

'विथ ही' का नाही, हे तिला पटत नव्हतं. मी विचारलं, "तू 'तोबरोबर' म्हणतेस का?" लगेच उमगलं. 'तो'चं 'त्याच्या' होतं, तसंच 'विथ', 'टू', 'फॉर'नंतर 'ही'चं 'हिम', 'शी'चं 'हर', 'दे'चं 'देम'. 'यू' आणि 'इट' मात्र तसेच राहतात. शाळेत हे साम्य दाखवायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता रोज संध्याकाळी फोनवर दिवसभराचं सांगते, न अडखळता. 'गो टू होम' अजून येतं. 'होम'आधी 'टू' नको, त्यावर सध्या काम चालू आहे.