‘वल्गना’ हा शब्द नेमका कसा वापरावा

ज्या धैर्याचा उच्चार मोठा असतो, पण कसोटी अजून झालेली नसते, त्याच्यासाठी मराठीत ‘वल्गना’ हा नेमका शब्द आहे. तो संस्कृतातील ‘वल्ग्’, म्हणजे उड्या मारणे, या धातूपासून आला आहे. विराटपर्वातील राजपुत्र उत्तर अंतःपुरात स्त्रियांसमोर कौरवांना एकटा जिंकण्याची भाषा करतो आणि प्रत्यक्ष सेना दिसताच रथातून उडी टाकून पळू लागतो. त्याचे आधीचे बोलणे ही वल्गना होय. म्हणून हा शब्द पुढे करून दाखवण्याच्या गोष्टींबद्दल, विशेषतः आव्हान किंवा धमकीबद्दल, वापरावा. झालेल्या पराक्रमाचे फुगवून केलेले वर्णन असेल, तर ‘फुशारकी’ अधिक योग्य ठरते, आणि तोंडाने काही न बोलता केवळ वागण्यातून शौर्य भासवले जात असेल, तर ‘आव आणणे’ म्हणावे. क्रियापदांचा मेळही सांभाळावा: वल्गना करतात, फुशारकी मारतात. ‘वल्गना’ स्त्रीलिंगी असून विभक्ती लागताना ‘वल्गनेला’, ‘वल्गनांना’ अशी रूपे होतात. ज्याने बोललेले करून दाखवले, त्याच्या शब्दांना मात्र वल्गना म्हणू नये. तो त्याच्यावर अन्याय होईल.