थ्री नॉट थ्री पुसायच्या आधी वाचा

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी एक जुनी ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री (.३०३) रायफल, विकत घेतली. फोटो पाठवला आणि खाली प्रश्न: "मामा, हिला चकाचक कशी करू?" मी कळवलं, "पॉलिश पेपर हातात घेणार असशील तर मला फोन करू नकोस."

पोलीस शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून नोकरी गेली माझी, आणि त्यातली बरीचशी थ्री नॉट थ्री पुसण्यात. आपल्याकडे हा बोअर (नळीचं माप) प्रतिबंधित आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. तेव्हा हे सगळं भाच्यासारख्यांसाठी, किंवा ज्यांच्या ताब्यात संस्थेची अधिकृत रायफल आहे त्यांच्यासाठी.

सुरुवात ठरलेली. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, बोल्ट (मुठीचा सरकता दांडा) मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. विकणाऱ्याने "रिकामी आहे" म्हटलं असलं तरीही. मग बोल्ट पूर्ण मागे घेऊन त्याचं पुढचं टोक, बोल्ट-हेड, वर उचललं की बोल्ट हातात येतो. हे जुन्या एसएमएलई म्हणजे नंबर १ या मॉडेलचं सांगतोय. नंतरच्या नंबर ४ ची तऱ्हा थोडी वेगळी.

आता चष्मा लावा. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो त्या गळ्याच्या उजव्या बाजूला, बोल्टच्या मुठीखाली, रायफलीची जन्मपत्रिका असते. वर मुकुट, खाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल आणि मार्क, म्हणजे मॉडेलची आवृत्ती. इंग्लंडात झालेलीवर "जीआर" आणि एनफिल्ड किंवा बी.एस.ए. कं. दिसेल, ऑस्ट्रेलियातलीवर लिथगो. आपल्या ईशापूरच्या (बंगालमधल्या सरकारी कारखान्याच्या) जुन्या रायफलींवर "जीआरआय" असतं. शेवटचा "आय" म्हणजे इम्परेटर, सम्राट. स्वातंत्र्यानंतर तो मुकुट गेला आणि त्याजागी अशोकस्तंभाचे सिंह आले. अक्षरं वाचता आली नाहीत तरी मुकुट की सिंह, एवढ्यावरून काळ कळतो. मार्क ३ च्या पुढे तारा असला तर ती पहिल्या महायुद्धात काटछाट केलेली आवृत्ती: मॅगझिन कटऑफ (मॅगझिनमधली गोळी अडवणारी पट्टी) नाही, लांब पल्ल्याचा नेम धरायची बाजूची साइटही नाही.

भाच्याच्या रायफलीच्या गळ्यावर १९१७ होतं. तो खूश. मी म्हटलं, मागची लाकडी झाकणी काढून नळीच्या मुळाशी बघ. तिथे ४३ निघालं. म्हणजे नळी मध्येच कधीतरी बदललेली. यात फसवणूक काही नाही, फौजेत हे चालायचंच. "एफटीआर" अशी अक्षरं आणि पुढे साल असेल तर कारखान्यात नेऊन पूर्ण दुरुस्ती झाली असं समजा. बाणासारखी खूण ही सरकारी मालमत्तेची. तेच दोन बाण टोकाला टोक लावून उभे असतील तर सरकारने ती विकून टाकली.

"डीपी" दिसलं तर मात्र थांबा. ती कवायतीची रायफल, गोळी झाडण्यासाठी नाही. दस्त्याभोवती रंगाचा पट्टा असेल तरीही हीच शंका घ्या. आणि ईशापूरच्या २ए, २ए१ या दिसायला सख्ख्या बहिणी, पण ७.६२ मिलिमीटरच्या गोळीच्या. त्यांचं मॅगझिन चौकोनी, १२ गोळ्यांचं. .३०३ चं १० चं.

बोल्टच्या मुठीमागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे का, ते बघा. नसेल तर झाडायच्या आधी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि गोळीची कड टेकते ती जागा यांतलं अंतर, मोजून घ्या. .०७४ इंचाच्या गेजवर (मापाच्या तुकड्यावर) बोल्ट बंद झाला तर रायफल भिंतीवरच बरी.

आता सफाई. एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती तुम्ही करू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी दस्ता हलतोय म्हणून मी मागून लांब स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि दस्त्याचा बोल्ट (दस्ता जोडणारा लांब स्क्रू, मुठीचा बोल्ट नव्हे) फिरवला. कट्ट असा आवाज आला. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेलं असतं. बोल्ट फिरला की ते लाकूड चिरतं. आमच्या हवालदारांनी मला शिवी दिली नाही, नुसती ती फट बोटाने दाखवली. तेव्हा आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच दस्त्याला हात लावायचा.

नळीला पुलथ्रू (आरपार ओढायची दोरी) आणि चार बाय दोन इंचाची फलालीनची चिंधी. दोन्ही ठेवायला दस्त्याच्या बुडाशी झाकणाचा कप्पा आहे, तेलाची कुपीही त्यातच. जुना दारूगोळा झाडला असेल तर नुसतं तेल उपयोगाचं नाही. त्याच्या प्राइमरमधून (गोळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतून) नळीत क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि गंज धरतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून बोल्ट काढून, नरसाळं लावून चेंबरकडून उकळतं पाणी ओतायचं. नळी इतकी तापते की आतलं पाणी आपसूक सुकतं. तरी कोरड्या चिंध्या ओढा, शेवटी हलक्या तेलाची एक. पुढच्या वेळी झाडायच्या आधी तेवढं तेल पुसून काढायला विसरू नका.

बाहेरच्या गंजाला तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जाड कापडाने घासा. काळा रंग जिथे विटलाय तिथे विटूच दे. शिक्के एकदा घासले गेले की परत उमटत नाहीत. लाकडाला सँडिंग नाही, व्हार्निश तर नाहीच. जवसाचं कच्चं तेल तळहातावर घ्या, हात गरम होईपर्यंत चोळा, जास्तीचं पुसा, दोन-तीन दिवस वाळू द्या, पुन्हा चोळा.

आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेतो. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, मगच फेका.