गोव्यातल्या गावात गिटारचा क्लास चालवायचा तर

गावात गिटार शिकवायला बसणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी: इथला विद्यार्थी कोऱ्या कानाने येत नाही. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ ज्या मातीतले, त्याच मातीतली ही मुलं. कुणाच्या घरी पेटी आहे, कुणाचा मामा पखवाजावर बसतो, कुणी दर रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गातं. सूर आणि ठेका त्यांच्याकडे असतोच, आपण तो सहा तारांवर आणायचा. मी डिचोलीकडे घरच्या पडवीत क्लास घेते. माझं ठाम मत असं, की क्लासमधली गिटार गावच्या गाण्यात शिरली नाही तर वर्षभरात कपाटावर चढते. पुढचं सगळं त्यासाठीच.

आधी वाद्याचं बघू. आठ-दहा वर्षांच्या मुलाला नायलॉनच्या तारांची, पाऊण आकाराची गिटार घ्यायला सांगा. पालक दुकानातून स्टीलच्या तारांची मोठी, चकचकीत गिटार उचलून आणतात, मुलाची बोटं सोलवटतात आणि दोष मुलाला लागतो. म्हणून खरेदीआधीच त्यांच्याशी बोलून घ्यावं. दुकानात बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) तार लाकडापासून किती उंच आहे ते बघायचं आणि पहिल्या फ्रेटवर तार सहज दाबली जाते का ते मुलालाच दाबून बघायला लावायचं. बाकी रंग, पॉलिश वगैरे त्याच्या आवडीचं.

पावसाळा हा गिटारचा खरा शत्रू. लाकडाला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या कितीतरी वर असते. लाकूड फुगतं, पुढची फळी किंचित वर येते, तारा उंच होतात, आणि मूल म्हणतं, "टीचर, आज बोटं जास्त दुखतात." त्याचं खरं असतं. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसात ओल धरते, त्या भिंतीला गिटार कधीही टांगू नये. आतल्या खोलीत, केसमध्ये, सोबत सिलिका जेलची पिशवी ठेवून द्यावी. नारिंगी दाण्यांचं जेल घेतलं की बरं पडतं, ओल भरली की ते हिरवं होतं आणि बदलायची वेळ नजरेला कळते. स्टीलच्या तारा आपल्या दमट, खाऱ्या हवेत पाहता पाहता गंजतात. वाजवून झालं की सुती फडकं प्रत्येक तारेखालून फिरवायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. माझ्याकडे फडकं न आणणाऱ्याला मी घरी परत पाठवते.

आता शिकवणं. ज्या मुलाला सरगम येते त्याला सी-डी-ई या पाश्चात्त्य सुरांच्या नावांपासून सुरुवात करून देऊ नका. सर्वांत बारीक तार पहिली धरून मोजायचं. पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की सा. चौथी मोकळी रे, दुसऱ्या फ्रेटवर ग, तिसऱ्यावर म. तिसरी तार मोकळी प, दुसऱ्या फ्रेटवर ध. दुसरी तार मोकळी नी, आणि पहिल्या फ्रेटवर वरचा सा. हा झाला पांढरी एकचा, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी सा धरलेला सप्तक. म आणि नी गाळले की भूप हाताला लागतो, आणि भूप गळ्यात असलेलं मूल पहिल्याच आठवड्यात ओळखीचं काहीतरी वाजवून घरी जातं. घरचे ऐकतात. पुढच्या महिन्याची फी त्या ऐकण्यातून येते, हे मी अगदी मनापासून सांगते.

कॉर्डकडे, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुळणीकडे, घाई नको, आणि पहिली जोडी नीट निवडा. मी ए मायनर आणि सी घेते. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट चौथीच्या दुसऱ्यावर, अनामिका तिसरीच्या दुसऱ्यावर. सी धरायचा तर पहिली दोन बोटं जागची हलतच नाहीत. फक्त अनामिका उचलून पाचवीच्या तिसऱ्या फ्रेटवर टेकवायची. मूल बघत असतं आपल्या उजव्या हाताकडे, त्याला डाव्या हाताकडे बघायला लावा. बहुतेक मुलं अनामिका उचलताना घाबरून तिन्ही बोटं उचलतात. अशा वेळी त्याच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर आपली दोन बोटं अलगद टेकवून ठेवायची आणि म्हणायचं, "आता एकटीच चालव." चार-पाच वेळात बोटाला उमजतं. एफचा बार कॉर्ड, ज्यात एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं, पहिल्या वर्षी मागू नका. चौथीच्या तिसऱ्या, तिसरीच्या दुसऱ्या, दुसरीच्या पहिल्या फ्रेटवर बोटं आणि पहिली मोकळी, एवढ्यावर काम भागतं.

इथून भजनाकडे वळायचं. कॉर्ड आले म्हणून कुठेही खडखडवायचे नसतात. तोच भूप घ्या, सा पांढरी एक. सी कॉर्डमध्ये सा-ग-प, चाललं. ए मायनरमध्ये ध-सा-ग, तेही चाललं. जी कॉर्ड मात्र प-नी-रे, त्यात नी घुसतो. एफमध्ये म. भजनी मंडळातल्या जाणत्या माणसाच्या कपाळावर लगेच आठी पडते आणि ती रास्त असते. म्हणून एफ टाळायचा, आणि जी धरताना नी काढून टाकायचा: सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, त्याच बोटाचं टोक पाचवीला टेकवून ती गप्प, चौथी आणि तिसरी मोकळ्या, दुसरी आणि पहिली दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर. उरतात फक्त प आणि रे. कोणताही अभंग बसवताना आधी मुलाकडून त्यातले सूर गाऊन घ्या, मग एकेक कॉर्ड त्या सुरांवर तपासा. हे काम वहीत मुलानेच करायचं, आपण सांगायचं नाही.

पट्टीचा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. पेटीवाले काका नुसतं म्हणतात, "आज काळी चार हां." तेव्हा गडबड नको. काळी एकला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर आणि कॉर्ड सीच्या पट्टीतल्या आकारांचे. काळी चारला पहिल्याच फ्रेटवर कॅपो, आकार जीचे. काळी दोनला तिसऱ्यावर कॅपो आणि पुन्हा सीचे, काळी पाचला तिसऱ्यावर आणि जीचे. सी आणि जी अशा दोनच घराण्यांचे आकार पक्के असतील तर मूल जवळपास कुठल्याही बैठकीत बसू शकतं. कॅपो लावला की तारा थोड्या ताणल्या जातात, तेव्हा लावल्यावर पुन्हा सूर बघा.

आणि सूर मोबाइलच्या ॲपवर नव्हे, पेटीवर लावायचा. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असतीलच असं नाही, आणि पेटी काही गिटारसाठी वाकणार नाही. काकांना पांढरी सहा दाबून धरायला सांगा. आपली मोकळी पाचवी तार म्हणजे तोच सूर, दोन सप्तकं असोत की एक. ती जुळली की बाकीच्या तारा तिच्यावरून: पाचवीचा पाचवा फ्रेट म्हणजे मोकळी चौथी, चौथीचा पाचवा म्हणजे तिसरी, तिसरीचा चौथा म्हणजे दुसरी, दुसरीचा पाचवा म्हणजे पहिली. सहावीचा पाचवा मोकळ्या पाचवीशी जुळवायचा. हे विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर, न लाजता, शांतपणे करावं. मंडळी थांबतात. तंबोरा लावायला थांबणारी माणसं आहेत ती.

बसायचं पेटीच्या मागच्या बाजूला, पखवाजाच्या शेजारी नव्हे. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर अंगठ्याने जाड, खर्जाची तार, मध्ये बोटांनी हलका कॉर्ड, एवढं पुरे. पखवाज दुगणीत गेला, टाळ चढले की मुलांना वाटतं आपणही वेग धरावा. तिथे उलट करायचं, हात आणखी मोकळा ठेवायचा. गाणारा तान घेत असेल तर कॉर्ड एकदाच वाजवून तारा वाजत्या सोडायच्या.

काही ठिकाणी गिटार खाली ठेवणं हेच शहाणपण. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, घुमट आरती हे तसं ठिकाण. घुमट (कातडं चढवलेलं मातीचं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायची जोडी) आणि कासाळें (झांज) एकदा रंगात आले की गिटार ऐकू येत नाही आणि तिची तिथे गरजही नाही. सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढायचं, आता ते कायद्याने बंद झालं आणि बकऱ्याचं वापरतात. चवथीच्या आधीचे दोन आठवडे मी क्लासमध्ये नवीन काहीच घेत नाही. मुलांना कासाळें धरायला लावते, आरतीचे ठेके हातावर म्हणून घेते. जानेवारीत त्यांचा उजवा हात किती सुधारलाय ते ऐकलं की पालकांना कारण सांगावं लागत नाही.

क्लासमध्ये ख्रिश्चन मुलं असतील तर त्यांची गाणीही सगळ्यांनी शिकावीत. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांपासून त्यांच्या घरांत स्वरलिपी वाचायची परंपरा आहे आणि हिंदू घरांतल्या मुलांकडे ती सहसा नसते. दोघांना शेजारी बसवा, एकाने वाचून दाखवावं, दुसऱ्याने ऐकून उचलावं. मांडो हे त्यांचं संथ कोंकणी गाणं सहाच्या मोजात चालतं. दादरा हातात असलेल्या मुलाला सहा मोजणं अवघड जात नाही, फक्त मांडोची संथ चाल आणि आघाताची जागा त्याने शेजाऱ्याकडून ऐकून घ्यावी. मांडो जमला की दुलपोद द्या, ते चटपटीत असतं आणि मुलांना आवडतं.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेबद्दल पालक पहिल्याच दिवशी विचारतात. परीक्षा चांगलीच आहे, वाचनाला शिस्त लागते. पण वर्षभर वाजवल्याशिवाय मी नाव पाठवत नाही, आणि परीक्षेच्या तीन तुकड्यांवर अख्खं वर्ष घासणं मला मान्य नाही. ज्याला पुढे जायचंय त्याला कांपालच्या कला अकादमीत पाठवा. तिथे पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी संगीत दोन्ही एकाच आवारात शिकवलं जातं, कार्यक्रमही होतात. वर्षातून एकदा सगळ्या मुलांना तिथल्या एखाद्या मैफिलीला न्यावं.

वेळापत्रक शाळेच्या नव्हे, गावाच्या दिनदर्शिकेवर आखा. श्रावणात सप्ताह, मग चवथ, दिवाळीआधी नरकासुर बांधायच्या रात्री, डिसेंबरात चर्चचं फेस्त आणि नाताळ, पुढे जत्रा, मार्चच्या आसपास शिगमो. या दिवसांत मुलं येणार नाहीत म्हणून चिडू नये. ते दिवस आधीच सुट्टीचे धरावेत आणि फी वर्षाच्या एकूण तासांवर ठरवून बारा सारख्या हप्त्यांत घ्यावी. हे जूनमध्येच कागदावर लिहून पालकांच्या हातात द्या. सप्ताहात किंवा क्वायरमध्ये वाजवलेला तास मी क्लासचा तास म्हणून धरते, आणि तेही त्या कागदावर लिहिलेलं असतं.