गोळीबाराच्या केसमधला बॅलिस्टिक रिपोर्ट कसा वाचायचा

गोळीबाराच्या केसचं दोषारोपपत्र हातात आलं की बरेच ज्युनिअर वकील बॅलिस्टिकच्या, म्हणजे हत्यार-गोळ्यांच्या तपासणीच्या, सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्टचं शेवटचं वाक्य वाचतात आणि फाईल मिटतात. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करताना मी त्यांना एकच सांगते: अभिमत सगळ्यात शेवटी वाचा. आधी वस्तू प्रयोगशाळेत पोचली कशी ते बघा, मग प्रयोगशाळेतल्या तपासनीसानं तिचं काय केलं ते.

सुरुवात पंचनाम्यापासून. हत्यार, जिवंत काडतूस, रिकामी पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं कवच), अंगातून निघालेली गोळी, प्रत्येकाचं पाकीट वेगळं हवं, लेबल वेगळं, वर लाखेचं सील. पंचनामा, मुद्देमाल रजिस्टर, पाठवणीचं पत्र आणि रिपोर्टमधली सील शाबूत असल्याची नोंद शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवा. गोळी मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत शवविच्छेदनात निघाली असेल, तर ती कशानं धरून काढली हे डॉक्टरांना साक्षीत विचारा. दातेरी चिमट्यानं शिशाच्या गोळीवर नवे ओरखडे उठतात, आणि पुढची सगळी तपासणी ओरखड्यांवरच चालते. म्हणूनच ओळखीची खूण गोळीच्या बुडाला करतात, अंगावर नाही.

कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या नळीला आतून पिळाचे आटे, म्हणजे कोरलेल्या खाचा, असतात. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडते आणि त्यांचे ठसे अंगावर घेऊन येते. तपासनीस आधी मापं घेतो: व्यास, आटे किती, त्यांची रुंदी, पीळ डावा की उजवा. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा सहा आटे आणि डावा पीळ, स्मिथ अँड वेसनमध्ये पाच आणि उजवा. इथेच फरक निघाला तर ती गोळी त्या हत्याराची नाही. जुळलं, तर तशा प्रकारच्या हत्याराची असू शकते, एवढंच.

आपल्याकडे मात्र गावठी कट्टा पुष्कळदा समोर येतो, आणि तिथे हे गणित बदलतं. कट्ट्याची नळी म्हणजे बहुधा साधा पाइप, आत आटेच नाहीत. गोळी सैल जाते, कुठेही घासते, दोन फैरींचे ओरखडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. अशा वेळी बोलते ती पुंगळी. कट्टा बनवणाऱ्यानं नळीमागची पट्टी हातानं कानशीनं घासलेली असते. बार उडाला की पुंगळी मागे त्या पट्टीवर आदळते आणि कानशीच्या रेघा पुंगळीच्या बुडातल्या टोपीच्या (जिच्यावर पिन आदळून बार पेटतो) मऊ धातूवर उमटतात. मधोमध, किंवा पिन वाकडी बसवली असेल तर एका कडेला, पिनेचा खळगा असतो. त्याच्या तळाशीसुद्धा पिनेच्या टोकाचे बारीक कंगोरे दिसतात. यंत्रावरच्या सफाईपेक्षा हातकाम जास्त वेगळेपण सोडतं. कलुआ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं गावठी पिस्तूल आणि घटनास्थळीची पुंगळी यांचा असाच मेळ मान्य केला. तो निकाल मुळातून वाचा.

हा मेळ बघायला तपासनीस जप्त हत्यारातून स्वतः फैरी झाडतो. गोळी हवी असेल तर पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत, म्हणजे ती चेपत नाही. मग चाचणीची पुंगळी चाचणीच्याच दुसऱ्या पुंगळीशी ताडायची. हत्यार दरवेळी तीच खूण सोडतं का, हे आधी कळायला हवं. त्यानंतर एकीकडे चाचणीची आणि दुसरीकडे घटनास्थळीची ठेवून तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही एकाच चौकटीत बघतात. मधल्या रेषेच्या अलीकडची रेघ पलीकडे तशीच पुढे जाते का, हा खरा प्रश्न. किती रेघा जुळल्या म्हणजे पुरे, याचा सर्वमान्य आकडा नाही. तो तपासनीसाचा निर्णय असतो, आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाच्या २०१६ च्या अहवालांनी नेमकं यावरच बोट ठेवलं.

नाल्यातून काढलेला कट्टा असेल तर गंजाकडे लक्ष द्या. गंजानं खुणा मोडतात. जप्तीनंतर कुणी तेल लावून पुसला असेल, तरी तेच.

हातावरच्या बारुदीचा रिपोर्ट वेगळा असतो. त्यात शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकाच कणात सापडलं का ते बघा. हात धुतले, खिशात घातले तरी कण जातात, त्यामुळे ‘आढळले नाही’ म्हणजे गोळी झाडली नाही असं होत नाही. उलट शेजारी उभ्या माणसावरही कण बसू शकतात. अंतरासाठी कपडे महत्त्वाचे: जखमेभोवती काजळी असेल तर हत्यार अगदी जवळ होतं. नुसतेच बारुदीचे टोचल्यासारखे ठिपके असतील तर थोडं लांब. नेमकं अंतर सांगायचं तर त्याच हत्यारातून, तशाच काडतुसानं वेगवेगळ्या अंतरांवरून फैरी झाडून बघाव्या लागतात. तशी चाचणी न करता रिपोर्टात फुटांत आकडा दिला असेल, तर तो कुठून आला ते विचारा.

रिपोर्टला निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक) पडण्याआधी प्रयोगशाळेची कामाची टिपणं आणि तुलनेचे फोटो मागवायचा अर्ज द्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ९४ खाली. तपासनीसाला साक्षीला बोलावायचं असेल तर कलम ३२९ आहे. त्यांना विचारायचं ते याच क्रमानं: सील कुणी उघडलं, चाचणीच्या फैरी किती, काडतुसं कुठली वापरली, चाचणी चाचणीशी जुळली का, फोटोत दिसणारी कुठली रेघ कुठल्या रेघेशी लावलीत, आणि न जुळलेल्या रेघांचं काय केलंत.