जनरेटर सुरू होत नाही? घरच्या घरी दुरुस्ती आणि देखभाल

चार-सहा महिने कोपऱ्यात पडलेला पेट्रोल जनरेटर ऐन गरजेच्या वेळी सुरू होत नाही, तेव्हा बहुतेकदा इंजिन खराब झालेले नसते. टाकीत राहिलेले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) सुकून चिकट झालेले असते आणि जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याची, बारीक छिद्रे बुजलेली असतात. हे काम घरी होण्यासारखे आहे. त्यासाठी पाने, स्क्रू ड्रायव्हर, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि तासाभराचा धीर एवढे पुरते.

आधी जिवाचे बघा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, म्हणजे इंजिन सुरू करायच्या दोरीला धक्का लागला तरी इंजिन पेटणार नाही. पेट्रोलचे काम उघड्यावरच करायचे. दुरुस्तीनंतर चालवून बघायचे तेही बाहेरच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. गॅरेजचे शटर वर केले किंवा खिडक्या उघडल्या तरी तो जीव घेऊ शकतो. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर दूर ठेवा आणि सायलेन्सरचे तोंड घराच्या उलट दिशेला करा. यात कुणाचेही ऐकून सूट घेऊ नका.

काही खोलण्याआधी

पहिल्यांदा ऑइल बघा. बऱ्याच जनरेटरमध्ये ऑइल कमी झाले की सेन्सर ठिणगीच बंद करतो. मग दोरी कितीही ओढा, उपयोग नाही. जनरेटर सपाट जागेवर ठेवून पातळी तपासा. तिरका असेल तर ऑइल पुरेसे असूनही सेन्सर फसतो.

मग पेट्रोल. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, उघडा आहे ना? कार्बोरेटरच्या वाटीला खाली ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि मिनिटभर स्थिर ठेवा. पाणी शिरले असेल तर तळाशी वेगळे गोळे दिसतात. जुन्या पेट्रोलचा वास आंबूस, वॉर्निशसारखा येतो आणि रंग गडद झालेला असतो. असे पेट्रोल सगळे काढून टाका, त्यात ताजे मिसळून वेळ मारून नेऊ नका. इंजिन सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडत असेल, तर टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र तपासा. ते बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही.

तिसरा प्लग. बाहेर काढून टोक नीट बघा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, बहुधा फिल्टर घाण झालेला. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, पण पेटत नाही. ब्रशने साफ करून टोकांमधली फट (गॅप) ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. ठिणगीसाठी स्पार्क टेस्टर वापरा. उघडा प्लग हातात धरून दोरी ओढणे धोक्याचे आहे. ऑइल पुरेसे असून ठिणगी नसेल, तर ऑइल सेन्सरची वायर तपासण्यापुरती काढून बघा. ठिणगी आली तर दोष सेन्सरचा, नाही आली तर स्विचची वायर किंवा इग्निशन कॉइल.

कार्बोरेटर साफ करणे

ठिणगी आहे, पेट्रोल ताजे आहे, तरी इंजिन चालत नाही किंवा चोक ओढलेला असेल तरच चालते? मग दोष इथेच आहे.

१. कॉक बंद करा, बाहेरची धूळ पुसून घ्या, खाली ट्रे ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

२. वाटी मधल्या एकाच बोल्टवर असते. ती उतरवा. रबराची रिंग ताणू नका. तिला चीर गेली असेल तर नवीनच घाला. वाटीच्या तळाशी हिरवट-पिवळा थर दिसला तर रोग सापडला म्हणून समजा.

३. मधल्या खांबात पितळी मेन जेट असतो. खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरा, पितळ मऊ असते आणि खाच लगेच झिजते. जेटमागची भोकांची नळीही खाली घसरून येते, ती हरवू नका.

४. जेट उजेडाकडे धरून आरपार बघा. उजेडाचा स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. अर्धवट किंवा वेडावाकडा दिसला तर क्लीनर मारून थोडा वेळ भिजू द्या आणि विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार आरपार फिरवा. सुई किंवा ड्रिल नको. छिद्र केसभर मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण बिघडते.

५. फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणारा भाग) पिन सरकवून फ्लोट आणि त्याच्यासोबत पेट्रोलची वाट उघडणारी-बंद करणारी नीडल काढा. नीडलच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती बदला, नाहीतर कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत राहते.

६. इंजिनचा आवाज सतत चढ-उतार करत असेल तर वरच्या बाजूचा बारीक पायलट जेटही (कमी वेगात पेट्रोल देणारा) साफ करा. घाईत नेमका हाच राहून जातो.

जोडल्यावर कॉक उघडून मिनिटभर गळती बघा, मगच दोरी ओढा.

इंजिन चालते, पण वीज नाही

आधी पॅनेलवरचा ब्रेकर दाबून बघा. मग मल्टिमीटरने सॉकेटचा व्होल्टेज मोजा. अगदी थोडे व्होल्ट येत असतील तर कार्बन ब्रश झिजलेले, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गेलेला किंवा फार दिवस बंद राहिल्याने रोटरमधले (आतला फिरणारा भाग) उरलेले चुंबकत्व गेलेले असू शकते. इंजिन बंद करून कव्हर काढून ब्रश बघता येतात. पुढचे काम जाणकाराकडे द्या. कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही वीज साठून राहते. इन्व्हर्टर जनरेटरचा विजेचा भाग तर घरी उघडूच नका.

व्होल्टेज कमी दिसला म्हणून गव्हर्नरचा (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) स्क्रू पिळून इंजिन जोरात पळवणारे बरेच असतात. कृपया तसे करू नका. साध्या दोन-पोल जनरेटरमध्ये ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० आणि ६० हर्ट्झसाठी ३६०० फेरे लागतात. वेग वाढला की व्होल्टेजही चढतो आणि उपकरणे जळतात. घराच्या सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर लावून वीज उलटी सोडणे तर थेट लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवावर उठणे आहे. घराला जोडायचा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) बसवून घ्या.

देखभाल आणि साठवण

नव्या इंजिनचे पहिले ऑइल साधारण २० तासांनी आणि पुढे १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी बदला. नेमका आकडा आणि ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असतो. इंजिन कोमट असताना काढले तर गाळासकट निघते. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, ऑइलचे थोडे थेंब लावून पिळा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, नुसता झटकायचा आणि खराब झाला की बदलायचा.

महिन्यातून एकदा १५-२० मिनिटे लोड लावून चालवा. बरेच दिवस ठेवायचा असेल तर टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीतले उरलेले पेट्रोलही ड्रेन स्क्रूने काढा. थंड झाल्यावर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग बसवा. मग दोरी जड लागेपर्यंत ओढून तिथेच थांबा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि सिलिंडरमध्ये दमट हवा शिरत नाही.